शुक्रवारचा चुकीचा तास

सॉफ्टवेअरमध्ये काम केलेल्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक म्हणजे ड्रॉवरभर वायरी, ज्या कशाच्या आहेत ते कुणालाच सांगता येत नाही, आणि दुसरी म्हणजे किस्से. वायरी बायको फेकून देते. किस्से फेकता येत नाहीत, उलट त्यांना पिल्लं होतात! परवा माझा जुना सहकारी सतीश पुण्याहून आला होता. चहा पिता पिता माझ्या मुलीनं सहज विचारलं, "बाबा, तुम्ही सगळ्यात पहिली वेबसाइट कुठली केली?" झालं! आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्यानंतर चहा दोनदा गार झाला.

तर साल अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवचं. मी नागपूरहून बंगळूरला आलो तो काचेच्या इमारतीत बसायचं म्हणून. बसलो बनशंकरीत, पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर! खाली गिरणी सुरू झाली की वर मॉनिटर थरथरायचा आणि संध्याकाळपर्यंत की-बोर्डवर नाचणीच्या पिठाचा पातळ थर बसायचा. घरी पत्र लिहिताना मी 'ऑफिस फार आधुनिक आहे' असं लिहीत असे. आई लिहायची, 'तब्येतीला जप, फोटोत केस पांढरे दिसतात.'

ऑफिसात आम्ही चौघं. मालक तुकोजीराव, म्हणजे आमचे अण्णा. त्यांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं. बोलायचे मराठीच, पण त्यात कन्नड असं मुरलेलं की पहिला आठवडा मला फक्त 'सरी' कळायचं. 'सरी' म्हणजे 'बरं'. अण्णांचं निम्मं बोलणं तेवढंच होतं. पन्नाशी ओलांडलेला, लाजाळू, भला माणूस. बायको जाऊन आठ वर्षं झाली होती आणि एकुलती मुलगी लग्न होऊन म्हैसूरला गेली होती.

दुसरा सतीश. पक्का पुणेकर, त्यामुळे प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत असायचं आणि ते न विचारता मिळायचं. तिसरा मी.

आणि चौथ्या कमलाबाई, म्हणजे अक्का. बंगळूरच्या मराठी मंडळींचं एक मंडळ होतं. त्या मंडळाची वधू-वरांची जाडजूड वही अक्का वीस वर्षं सांभाळत होत्या. वडील लवकर गेले, धाकट्या भावंडांचं करण्यात स्वतःचं लग्न राहून गेलं, आणि मग जगाची लग्नं जमवत बसल्या. मंडळानं ठरवलं की आता वहीच्या जागी वेबसाइट पाहिजे. काम आम्हाला मिळालं. फॉर्म नीट होतोय की नाही ते बघायला मंडळानं अक्कांना आमच्याकडे पाठवलं. काम संपलं की त्या हुबळीला भावाकडे कायमच्या राहायला जाणार होत्या.

आता खरी गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. अण्णांना अक्कांशी लग्न करायचं होतं. हे पहिल्यांदा सतीशनं हेरलं. "लक्ष दिलंस का?" तो म्हणाला. "गिरणीवालासुद्धा त्यांना अक्का म्हणतो. सगळ्या बनशंकरीत फक्त एक माणूस त्यांना कमलाबाई म्हणतो." मी लक्ष दिलं. खरंच की! आणि अक्का तरी अण्णांना कुठे अण्णा म्हणायच्या? त्या म्हणायच्या, 'तुकोजीराव'.

* * *

आता तुम्ही म्हणाल, मग विचारायचं की! घोडं कुठे पेंड खात होतं?

घोडं पेंड खात होतं अक्कांच्या एका नियमात. अक्का तोंडी स्थळ ऐकून घेत नसत. वीस वर्षांत एकदाही नाही. लग्नाच्या पंगतीत कुणी "आमच्या भाच्यासाठी बघा हं" म्हणालं, तर त्या पिशवीतून कोरा कागद काढून त्याच्या पानाशेजारी ठेवायच्या. "लिहून द्या. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी बदलतं."

एकदा दुपारी अण्णांनी धीर केला. मी आणि सतीश मॉनिटरच्या मागे श्वास रोखून बसलेलो. अण्णा दोनदा खाकरले.

"कमलाबाई... ते एक स्थळ होतं."

अक्कांनी मान वर केली नाही. नुसता कागद पुढे सरकवला. "लिहून द्या."

"सरी," अण्णा म्हणाले, आणि कागद घेऊन खाली गिरणीत गेले! दळण नव्हतं काही. तसेच गेले. संध्याकाळी कचऱ्याच्या टोपलीत सतीशला तोच कागद सापडला. त्यावर फक्त नाव लिहिलेलं होतं आणि नावापुढे स्वल्पविराम दिलेला. त्या महिन्यात असे तीन कागद सापडले. तिसऱ्यावर स्वल्पविरामाच्या पुढे 'वय' एवढा शब्द होता. सतीश म्हणाला, "प्रगती आहे."

* * *

हे सगळं कळायच्या आधीची एक मीटिंग आठवते, आणि आजही आठवली की मला माझ्याच कानाखाली द्यावीशी वाटते. फॉर्मचे नियम ठरवायची ती पहिली मीटिंग. कुठल्या रकान्यात काय चालेल आणि काय नाही, हे तपासणारा कोड मी लिहिणार होतो. माझं वय चोवीस. नुकतं जावास्क्रिप्ट शिकलेलो. चोवीस वर्षांच्या पोराच्या हातात जगाला 'नाही' म्हणायचं यंत्र आलं की तो काय करतो? सगळ्यांना 'नाही' म्हणतो!

"वय," मी फळ्यावर लिहिलं. "मुलगा एकवीस ते पंचेचाळीस. मुलगी अठरा ते चाळीस."

"वरची मर्यादा कशाला?" सतीशनं विचारलं.

"अरे बाप्पा, पंचेचाळिशीनंतर कोण लग्न करतं! ते काय नवरदेव व्हायचं वय आहे?"

अक्का प्रत्येक नियमाचं कारण विचारायच्या. या नियमाचं विचारलं नाही. वहीत लिहीत राहिल्या. अण्णा खिडकीतून खाली बघत होते. खाली एक सायकलवाला नाचणीचं पोतं बांधत होता, तो बांधून निघून गेला तरी बघत होते. मग म्हणाले, "सरी." मी नियम लिहिला आणि विसरून गेलो.

* * *

फॉर्मची चाचणी आम्ही खऱ्या माणसांवर केली. तेव्हा घरी इंटरनेट कुणाकडे होतं? मंडळातले लोक आमच्याच ऑफिसात येऊन फॉर्म भरायचे. पहिला मान एका निवृत्त हेडमास्तरांना. धोतर, काळा कोट, कपाळाला गंध. नातीसाठी स्थळ नोंदवायला आलेले.

या जुन्या घराण्यांची नावं आपल्याकडच्यासारखी नसतात. पुढे तीन-चार आद्याक्षरं, मध्ये नाव, शेवटी राव. माझ्या कोडला नावात टिंब चालत नव्हतं आणि एका अक्षराचं नाव तर मुळीच नाही. गुरुजींनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, आद्याक्षरांसकट आपलं नाव टाइप केलं आणि बटण दाबलं. टुंग! स्क्रीनवर चौकोन आला: 'इनव्हॅलिड नेम'.

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझ्याकडे वळले.

"तू कुठला?"

"नागपूरचा."

"कधी आलास?"

"मार्चमध्ये."

"आमचे पूर्वज इथे घोड्यावर बसून आले. तेव्हापासून हे नाव चाललंय. गावानं मानलं, सरकारनं मानलं, शाळेत तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. आणि तू मार्चमध्ये येऊन इनव्हॅलिड म्हणतोस?"

मी म्हटलं, "मी नाही सर, कॉम्प्युटर म्हणतोय." गुरुजी म्हणाले, "त्याला बोलायला कुणी शिकवलं?"

मी टिंबाला परवानगी दिली. आणि अक्कांनी त्याच दिवशी सगळे एरर मेसेज आपल्या ताब्यात घेतले. मराठी फॉन्टची भानगड तेव्हा कुणालाच नीट जमत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी मेसेज. 'इनव्हॅलिड' गेलं आणि त्या जागी आलं, 'क्षमा असावी, हे आम्हाला समजले नाही. कृपया पुन्हा सांगाल का?' इतकं नम्र की दुसऱ्या दिवशी एक बाई तो मेसेज वाचून स्क्रीनला म्हणाल्या, "अहो, त्यात क्षमा कसली!" आणि शेजारी बसून राहिल्या. बटण दाबायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

* * *

फोन नंबरचा किस्सा सतीश सांगतो तेव्हा माझ्या नावावर सांगतो. चूक माझीच होती, पण सल्ला त्याचा होता! तो म्हणाला, "एका माणसानं दोनदा नोंदणी करू नये म्हणून काहीतरी चेक टाक." मी टाकला. एका फोन नंबरवर एकच स्थळ. दुसऱ्यांदा तोच नंबर आला की मेसेज: 'क्षमा असावी, या फोनवर आधीच एक स्थळ नोंदलेले आहे.'

आता त्या काळी गल्लीत फोन एकाकडे आणि नंबर सगळ्यांचा! एके दिवशी चामराजपेठेतले एक गृहस्थ आले. मुलीसाठी फॉर्म भरला, नंबर समोरच्या किराणा दुकानाचा दिला. टुंग! 'या फोनवर आधीच एक स्थळ नोंदलेले आहे.'

गृहस्थ हळूच म्हणाले, "म्हणजे शेजारच्या गणोजीरावांनी नोंदवलं तर! गल्लीत लग्नाचं दुसरं आहे कोण? परवा तर मला म्हणत होते, मुलगा अजून तीन वर्षं थांबणार."

आणि उठले, तडक घरी! जाता जाता आमच्या जिन्यातूनच ओरडायला सुरुवात केली. दोन दिवसांनी तेच गृहस्थ पेढे घेऊन आले. भांडायला म्हणून गणोजीरावांकडे गेले होते, भांडण चहापर्यंत आलं, चहावरून पत्रिकेपर्यंत. मुलगी शेजारची, मुलगा शेजारचा, आणि मध्ये फक्त एक भिंत होती.

मी तो चेक काढून टाकला. सतीश म्हणाला, "काढू नकोस, वेबसाइटचं पहिलं जमलेलं लग्न आहे ते." अक्कांनी मात्र आपल्या वहीत नोंद केली: 'चूक. पण चांगली.'

* * *

जन्मतारखेच्या बाबतीत मी कुणालाही भीत नव्हतो. तीस फेब्रुवारी? नाही. एकतीस एप्रिल? नाही. तेवढ्यात एक आजीबाई नातवाला घेऊन आल्या. नातवाची जन्मतारीख एकतीस जून.

टुंग.

"आजी, जून तीस दिवसांचा असतो," मी म्हटलं.

आजींनी पिशवीतून शाळेचा दाखला काढला. त्यावर स्वच्छ अक्षरात, शिक्क्यासकट, एकतीस जून! नाव घालायला गेलेल्या काकांनी सांगितलं, मास्तरांनी लिहिलं, आणि त्याच दाखल्यावर पोराची पुढची सगळी शाळा झाली. पोरगा आता कारखान्यात नोकरीला होता. तिथेही एकतीस जूनच.

"अक्का, आता काय करू?" मी हात टेकले.

अक्कांनी आधी दाखला पाहिला, मग पोराला पाहिलं. पोरगा चांगला सहा फूट उंच, खुर्चीत मावत नव्हता. "मुलगा खरा आहे ना? मग तारखेसाठी त्याला घरी पाठवणार का? तुझा नियम स्वल्प सैल कर." मी सैल केला. त्या फॉर्ममध्ये जगातला एकमेव एकतीस जून आम्ही सांभाळून ठेवला होता.

* * *

एक किस्सा मात्र हसण्यासारखा नव्हता, निदान त्या दिवशी तरी. व्यंकोजी नावाचे एक बँकेतले कारकून. चाळिशीला आलेले, अबोल, लग्न न जमलेले. स्वतःचा फॉर्म स्वतः भरायला आले. 'स्वतःबद्दल थोडक्यात' या रकान्यावर त्यांनी पाऊण तास घालवला. लिहायचे, खोडायचे, खिडकीबाहेर बघायचे, परत लिहायचे. शेवटी बटण दाबलं. पिनकोडच्या मध्ये एक मोकळी जागा राहिली होती. फॉर्मनं क्षमा मागितली, आणि सगळं पुसून पहिल्या रकान्यावर आणून सोडलं. तेव्हा तो तसाच वागायचा. एक चूक झाली की पाटी कोरी.

व्यंकोजी चिडले नाहीत. छत्री उचलली.

"सर, परत भरा ना, मी मदत करतो," मी म्हटलं.

"नको," ते म्हणाले. "स्वतःबद्दल इतकं चांगलं मला पुन्हा नाही लिहिता येणार."

आणि जिना उतरून गेले. मला फार वाईट वाटलं. अक्का त्या दिवशी मला पहिल्यांदा रागावल्या. "माणसानं लिहिलेलं पुसायचं नाही. चुकलं असेल तेवढंच दाखव. बाकीचं जिथल्या तिथे राहू दे."

मी दोन दिवस बसून ते दुरुस्त केलं. तेव्हापासून फॉर्म नाकारला तरी भरलेलं सगळं स्क्रीनवर तसंच राहायचं. अक्का मुद्दाम व्यंकोजींच्या बँकेत जाऊन त्यांना घेऊन आल्या. या वेळी त्यांनी पाच मिनिटांत फॉर्म भरला. सतीशनं विचारलं, "एवढ्यात झालं?" तर म्हणाले, "पाठ केलं होतं."

* * *

आता चुकीचा तास. ही आमच्या ऑफिसची खास प्रथा, आणि कल्पना अक्कांची. दर शुक्रवारी तीन ते चार सगळ्यांनी फॉर्ममध्ये चुकीचं भरायचं. मुद्दाम. नियम एकच: त्या तासात खरं काही लिहायचं नाही. चुकीचं भरलेलं फॉर्मनं पकडलं तर फॉर्म जिंकला, म्हणजे मी जिंकलो. चुकीचं आत गेलं तर मी हरलो, आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलातून सगळ्यांना मसाला डोसा माझ्याकडून.

अक्का निकाल एका वहीत लिहायच्या. तीन रकाने आखलेले: काय भरलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं. सोमवारी मी ती वही उघडायची आणि एकेक ओळ दुरुस्त करायची.

पहिल्या शुक्रवारी सतीशनं एकोणीस फूट उंचीची वधू नोंदवली. फॉर्मनं आनंदानं घेतली. अक्कांनी तिसऱ्या रकान्यात लिहिलं: 'हार घालायला शिडी लागेल. नाकारावं.' डोसा.

दुसऱ्या शुक्रवारी सतीशनं वराचं नाव आणि वराच्या वडिलांचं नाव एकच लिहिलं, जन्मतारीखही एकच. तेही आत गेलं. डोसा. तिसऱ्या शुक्रवारी अक्कांनी स्वतः एक नवरदेव असा भरला की शिक्षण 'सातवी' आणि हुद्दा 'शल्यचिकित्सक'. आत! "याच्याकडे पोट दाखवायला तू जा," त्या मला म्हणाल्या. डोसा. हॉटेलवाला मला बघितलं की विचारायलाच लागला, "चारच ना?"

अण्णा कधी खेळायचे नाहीत. आपल्या टेबलाशी बसून आमची मजा बघायचे आणि डोसा खायचे.

हळूहळू मात्र फॉर्म पक्का होत गेला. सतीशला कष्ट पडायला लागले. दोन शुक्रवार डोसा नाही. मी कॉलर ताठ करून फिरायला लागलो. आणि मग आला शेवटचा शुक्रवार. रविवारी बनशंकरीच्याच एका मंगल कार्यालयात मंडळाचा मेळावा होता, तिथे वेबसाइट सुरू व्हायची होती. सोमवारी सकाळी अक्कांची हुबळीची गाडी. तिकीट त्यांच्या निकालाच्या वहीत पानखूण म्हणून ठेवलेलं होतं. वही उघडली की ते दिसायचं, आणि ते दिसलं की अण्णा दुसरीकडे बघायचे.

* * *

त्या शुक्रवारी तीन वाजले. सतीश पुढे सरसावला, तेवढ्यात अण्णा उठले.

"आज मी पण खेळतो."

आम्ही तिघंही बघतच राहिलो. अण्णांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, खुर्ची पुढे ओढली आणि दोन बोटांनी टाइप करायला लागले. मी माझ्या टेबलाशी होतो. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. अक्का वही उघडून बसल्या. तिकीट बाजूला ठेवलं.

वीस मिनिटं झाली. खाली गिरणी बंद होती, त्यामुळे एकेका अक्षराचा टकटक आवाज ऐकू येत होता. मग टुंग!

"पकडलं!" मी ओरडलो. "फॉर्म एक, अण्णा शून्य!"

अण्णांनी पुन्हा एकदा बटण दाबलं. टुंग.

"दोन!"

टुंग. "तीन!" सतीश उठून अण्णांच्या मागे पाणी प्यायला गेला, आणि परत येऊन माझ्या शेजारी बसला. त्याचा चेहरा विचित्र झाला होता. टुंग. "चार!" मी म्हटलं. सतीशनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की मी ओरडलोच. मला वाटलं, हरतोय म्हणून जळतोय. टुंग, पाच. टुंग, सहा. अण्णा काही बदलतही नव्हते, मध्ये अक्षरांचा आवाज येतच नव्हता. नुसतं तेच बटण, पुन्हा पुन्हा. दार उघडेल या आशेनं माणूस कडी वाजवत राहतो, तसं.

टुंग. सात.

अण्णा उठले. बाह्या खाली केल्या. माझ्याजवळ येऊन खांद्यावर हात ठेवला.

"सरी रे. फॉर्म पक्का झाला तुझा. चांगलं काम केलंस."

आणि मी, शंभर गाढवांचा एक गाढव, मी टाळ्या वाजवल्या! अण्णा हसले, चप्पल घातली आणि जिना उतरून खाली गेले.

निकाल लिहायचा म्हणून अक्का वही घेऊन त्या खुर्चीत जाऊन बसल्या. नाकारलं तरी भरलेलं सगळं स्क्रीनवर तसंच राहायचं, ते मी मागे सांगितलंच आहे. अक्का वाचत राहिल्या. एक पानभर फॉर्म वाचायला किती वेळ लागतो? त्यांना खूप लागला. चार वाजून गेले. मग त्यांनीही काहीतरी टाइप केलं, भराभर, अडखळत नव्हत्या.

टुंग.

"अक्का पण हरल्या!" मी म्हटलं. आता चिमटा काढायचंसुद्धा त्राण सतीशमध्ये उरलं नव्हतं. त्यानं नुसतं कपाळ टेबलावर टेकवलं.

अक्कांनी वहीत लिहिलं, वही मिटून माझ्या टेबलावर ठेवली. "सोमवारपर्यंत थांबू नको," त्या म्हणाल्या. "उद्याच बघ." पर्स उचलली आणि गेल्या. डोशाचं नावही कुणी काढलं नाही.

* * *

शनिवारी सकाळी मी आणि सतीश दोघंच ऑफिसात. गिरणी सुरू झालेली, मॉनिटर थरथरत होता. मी खुशीत वही उघडली. आठ वेळा पकडलं, म्हणजे दुरुस्त करायला काही नसणारच. पानखुणेचं तिकीट तिथे नव्हतं. शेवटच्या पानावर अक्कांच्या वळणदार अक्षरात दोनच ओळी होत्या.

पहिली ओळ. काय भरलं: 'तुकोजीराव, वय चोपन्न, विधुर. अपेक्षा: तोंडी सांगितलेलं न ऐकणारी. माहिती पडताळली, सर्व खरी आहे.' काय झालं: 'सात वेळा नाकारलं.' काय व्हायला हवं होतं: 'वयाची वरची मर्यादा काढावी.'

माझे कान तापले. फळ्यावर लिहिलेला तो आकडा आठवला, खिडकीतून बघणारे अण्णा आठवले, आणि माझ्या टाळ्या आठवल्या. सतीश माझ्या खांद्यावरून वाचत होता. "खाली वाच," तो म्हणाला.

दुसरी ओळ. काय भरलं: 'कमलाबाई, वय एकोणपन्नास, अविवाहित. माहिती खरी आहे.' काय झालं: 'नाकारलं.'

काय व्हायला हवं होतं: 'वरच्या ओळीबरोबरच घ्यावं. डोसे तीनच सांगावेत, आम्हा दोघांत एक पुरेल.'